लाखाचा फरक आणि माझे जिने: गॅलॅक्सी ए३५, दीड वर्षानंतर

मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. विक्रोळी ते मुलुंड, दिवसाला पाच-सहा घरं. पेशंटला व्यायाम दाखवताना व्हिडिओ काढायचा, तिथल्या तिथे व्हॉट्सॲपवर पाठवायचा, पत्ता शोधायचा, फी यूपीआयने घ्यायची. फोन सारखा हातात असतो, आणि हात बहुतेक वेळा तेलकट.

आधीचा फोन महागातला होता, हप्त्यांवर घेतलेला. दादरच्या पुलावर गर्दीत निसटला आणि स्क्रीन गेली. दुरुस्तीचा जो आकडा सांगितला त्यात साधा नवा फोन आला असता. वर सात हप्ते शिल्लक. फुटलेल्या फोनचे हप्ते भरणं किती जिवावर येतं, ते ज्याने भरलेत त्यालाच कळेल.

दादा म्हणाला, "आता सॅमसंगचा एस२४ अल्ट्राच घे, म्हणजे पुढची काही वर्षं बघायला नको." जानेवारी २०२४मध्ये तो १,२९,९९९ रुपयांना आला होता. सॅमसंगचाच ए३५ त्याच वर्षी मार्चमध्ये ३०,९९९ला. फरक ९९,००० रुपयांचा. तेवढे पैसे मिळवायला मला किती इमारतींचे जिने चढावे लागतात, ते मला माहीत आहे. मुलुंडच्या दुकानातून ए३५ घेतला, रोख.

बॅटरी दोन्हींत ५००० एमएएचचीच आहे. सकाळी सातला घर सोडते, रात्री परतेपर्यंत चार्जर लागत नाही. पावसाळा तर मी मुद्दाम बघत होते. कांजूरमार्गला रिक्षाच्या रांगेत फोन चिंब भिजला, पुसला आणि पुढच्या पेशंटला फोन लावला. ए३५ला पाण्या-धुळीपासून बचावाचं आयपी६७ मानांकन आहे, म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास. समुद्राचं खारं पाणी त्यात धरत नाहीत, तेव्हा मरीन ड्राइव्हला लाटा बघायला जाताना तो पिशवीतच ठेवा.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते मेमरी कार्ड. ए३५मध्ये कार्डाची जागा आहे, त्या सव्वा लाखाच्या फोनमध्ये नाही. प्रत्येक पेशंटचा पहिल्या दिवसाचा आणि महिन्यानंतरचा व्हिडिओ मी कार्डावर ठेवते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या भांडुपच्या एका आजींना दोन्ही दाखवले, तर त्या स्वतःलाच बघत राहिल्या. "ताई, मी एवढी वाकून चालायची?" मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस, म्हणजे हाताचा हलता धक्का लेन्सनेच सावरण्याची सोय आहे, त्यामुळे पेशंटबरोबर चालत चालत काढलेला व्हिडिओही स्थिर येतो.

ए३५मध्ये टेलिफोटो लेन्स, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत लांबून मूर्तीचा चेहरा टिपायचा असेल तर महाग फोनच सरस, हे मी मान्य करते. अपडेटचंही तसंच: अल्ट्राला सात वर्षांचं आश्वासन, ए३५ला अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट. माझ्या कामाला तेवढे पुरतात.

घेणार असाल तर १२८ जीबीचाच घ्या आणि वाचलेल्या पैशांत चांगलं कार्ड. खोक्यात चार्जर येत नाही. घरातला टाइप-सीचा २५ वॉटचा असेल तर तोच चालतो, मी दादाचा वापरते.