दात पांढरे करायचा जेल आणि ट्रे: नऊ महिने वापरून

आधी भांडण सांगतो, मग जेलचं. सप्टेंबरात जेवताना समोरच्या दातातलं सिमेंट निघून शेंगाचटणीच्या घासात आलं. भरून पाच आठवडेही झाले नव्हते. दवाखान्यात गेलो तर पहिला प्रश्न, "कडक भाकरी खाल्ली होती का?" सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न! पुन्हा भरायचे १,२०० रुपये सांगितले. मी म्हटलं, एक रुपया देणार नाही.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेसमध्ये आहे. सतरा वर्षं सुती माल पेरॉक्साइडनं पांढरा करतोय. त्यामुळे डॉक्टरांनी "दातांचं ब्लीचिंगही पेरॉक्साइडनंच" म्हटल्यावर घाबरायचं सोडून हसूच आलं. आमच्या ड्रममधलं ५० टक्क्यांचं असतं, थेंब उडाला तर कातडी पांढरी पडते आणि चांगली चुरचुरते. जेल होता १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा. तो फुटला की हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं जेमतेम साडेतीन टक्के, बाकी युरिया. हो, खतातला तोच युरिया.

मापाचा ट्रे, म्हणजे जेल भरून दातांवर चढवायचा साचा, दवाखान्यातच करून घेतला, ३,५०० रुपये. जेलची सिरिंज त्यांच्याकडे ६५० ला एक, ऑनलाइन ९९९ ला चार. मी कुठून घेतली ते सांगायला नको.

एप्रिल होता. पार्सल तीन दिवस गोदामात पडलं, मग डिलिव्हरीवाल्याच्या काळ्या पिशवीतून भर दुपारी गावभर हिंडून घरी आलं. सोळा रात्री ट्रे घालून झोपलो. सकाळी ट्रेमध्ये जेल जसाच्या तसा आणि दातही जसेच्या तसे. मी एक तारा देऊन "पैसे पाण्यात" लिहून मोकळा झालो.

मग एक दिवस कामावर डोक्यात आलं. ब्लीचनंतर मालात पेरॉक्साइड उरलंय का ते बघायला आमच्याकडे कागदी स्ट्रिप असतात. ऑनलाइनवाला जेल थोड्या पाण्यात कालवून स्ट्रिप बुडवली तर नुसती फिकट निळी झाक. दवाखान्यातून एक सिरिंज आणून तसंच केलं तर गडद निळी. तिथं जेल फ्रिजमध्ये ठेवतात. पेरॉक्साइड उष्णतेनं मरतं हे मी पोरांना रोज ओरडून सांगतो, ड्रम उन्हात दिसला की शिव्या घालतो, आणि स्वतः एप्रिलात कुरिअरनं मागवतो. तो एक तारा नंतर काढून टाकला.

चांगल्या जेलनं दहा-बारा रात्रींतच फरक दिसू लागला. डॉक्टरांच्या शेड कार्डावर (दाताचा रंग जुळवायचं कार्ड, आकडा कमी तितका दात पांढरा) ए साडेतीन होता, शेवटी ए एक आला. मशीनवरचा मित्र म्हणाला, "काय बे, टॉवेलबरोबर तोंड पण टाकलंस का आत?"

पण कळा. चौथ्या रात्रीनंतर माठातलं पाणीसुद्धा नको वाटायचं. रसवंतीवर बर्फ न घालता रस मागितला तर पोरगं तोंडाकडे बघत राहिलं. डॉक्टर म्हणाले, पेरॉक्साइडचे रेणू एवढे बारीक की इनॅमल, त्याखालचं डेंटिन ओलांडून काही मिनिटांत नसेपर्यंत पोचतात, थांबलं की कळ जाते. एक रात्र आड केलं, पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट सुरू केली, मग जमलं. चहा मात्र सोडला नाही. हळद-मसाला बंद करा म्हणाले, तेही जमलं नाही. दाढेत जुनी चांदी आहे, म्हणजे पाऱ्यात कालवलेलं भरण. पेरॉक्साइडनं चांदीतून पारा किंचित जास्त सुटतो म्हणून ट्रे मागून कापून फक्त समोरच्या दातांपुरता ठेवला. हे त्यांनी न विचारता केलं, त्याचे मार्क देतो.

आता मुख्य गोष्ट, जी ट्रेचं माप घेताना कुणी सांगितली नाही. समोरच्या एका दाताचा कोपरा लहानपणी सायकलवरून पडून तुटलेला, तिथं सिमेंट होतं. सगळे दात उजळले आणि तो कोपरा पिवळाच. आधी कुणाला दिसत नव्हता, आता लांबून दिसायला लागला. सिमेंट, कॅप यांना पेरॉक्साइडनं रंग फिरत नाही. सुती टॉवेलच्या बॉर्डरला पॉलिस्टर लावलं तर रंगात ते वेगळं उठून दिसतं, तसं. तुमच्या समोरच्या दातांत असं काही असेल तर जेलच्या खर्चात नव्या भरणाचा खर्च आधीच धरा.

जेल बंद केला आणि चौथ्या दिवशी जुनं सिमेंट काढून नव्या शेडचं भरलं. तेच पुढे गळून पडलं.

आमच्या धंद्यातलं पोरगंही सांगेल, पेरॉक्साइड मारल्याशिवाय रंग चढवायचा नाही. मालात थोडं जरी उरलं तरी रंग डागाळतो, अख्खा लॉट परत येतो. म्हणून ब्लीचनंतर आम्ही एन्झाइम घालतो, स्ट्रिप लावतो, मगच रंग. दातातही तेच. ब्लीचिंगनंतर आत ऑक्सिजन उरतो, तो सिमेंटला नीट घट्ट होऊ देत नाही, पकड कच्ची राहते. दातात एन्झाइम घालत नाहीत, दोन आठवडे थांबतात. शिवाय ब्लीचिंगनं सुकलेल्या दातात पुन्हा पाणी भरलं की रंग किंचित उतरतो, म्हणून शेडसुद्धा नंतरच जुळवायची. हे सगळं मी काउंटरवर जरा मोठ्या आवाजात सांगितलं. बाकावरचे पेशंट ऐकत होते.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमचं कार्ड आणा."

घरी बायकोनं कार्ड शोधलं. त्यावर त्यांच्याच अक्षरात: फिलिंग, २ आठवड्यांनी. मग आठवलं. दवाखान्यातून फोन आला होता, डॉक्टर बाहेरगावी जाणार, आधी येता का? मी म्हटलं, येतो की. बॉर्डरचा पिवळा तुकडा मला एक दिवसही नको होता. त्यांनी बोलवायला नको होतं, आणि सतरा वर्षं स्ट्रिप लावणाऱ्यानं जायला नको होतं. ६०० वर मिटलं. त्यांनी चहाही पाजला, हल्ली तो मी स्ट्रॉनं पितो.

दुसरं भरण ऑक्टोबरात केलं, जेल बंद होऊन दोन महिने उलटल्यावर. आता जानेवारीतली आमची गड्ड्याची जत्रा आली, अजून पक्कं आहे. ऊस मात्र दाढेनंच सोलतो. रंग ए एकवरून थोडा खाली आलाय, पण आधीसारखा नाही.

एकूण खर्च ट्रे, चार वाया गेलेल्या सिरिंज, तीन चांगल्या, दोन भरणं, सगळं धरून ८,२४९. इतक्यात घरासाठी टॉवेल किती आले असते ते मी काढलं नाही, बायकोनं काढलं.

दीड सिरिंज उरलीय, फ्रिजच्या दारात कढीपत्त्याशेजारी. ती विचारते, टाकून देऊ का? ६५० ची आहे. आधी स्ट्रिप लावून बघतो.