ला पुरिसिमा मिशन, लोम्पोक: कामाच्या खोल्यांसाठी जा

कॅलिफोर्नियात एकवीस स्पॅनिश मिशनं आहेत, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांनी स्थानिक लोकांना ख्रिस्ती करण्यासाठी वसवलेल्या वस्त्या. त्यातलं एकच बघायला वेळ असेल तर ला पुरिसिमा बघा, असं मी घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगते. सांता बार्बराहून तासाभराचा रस्ता. चर्च सगळीकडेच आहे. इथे दरीत अख्खी वस्ती उभी आहे. माग, लोहारशाळा, चरबी कढवायच्या भट्ट्या, कपडे धुवायची कुंडं, चुरो जातीच्या मेंढ्यांचे वाडे.

1787 मध्ये वसवलेलं मूळ मिशन 1812 च्या भूकंपात पडलं, म्हणून ते इथे हलवलं. पुढे तेही ढासळलं. आज दिसतं ते 1934 पासून सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोरच्या, म्हणजे मंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतल्या, तरुणांनी पुन्हा उभारलेलं. कच्च्या विटासुद्धा त्यांनी हातानं पाडल्या. आमच्या बाबांचा जन्म बांधकामात गेला. गिलावा सुटलेल्या जागी विटेतलं गवत चाचपत ते बराच वेळ उभे होते, आणि आईनं हाक मारली तरी हलेनात.

मला मेणबत्त्यांचं काम फार आवडलं. वात बुडवायची, निववायची, पुन्हा बुडवायची. एका खेपेला जेमतेम कागदाएवढा थर चढतो. त्या काळी यासाठी गुरांची चरबी वापरत.

आणि हे सगळं राबणं चुमाश लोकांचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचं, होतं. एकदा बाप्तिस्मा झाला की परवानगीशिवाय मिशन सोडता येत नसे. पळालेल्यांना सैनिक धरून आणत. साथींनी माणसं गेली ती वेगळीच. 1824 मध्ये सांता इनेस मिशनमध्ये इथल्या एका चुमाश माणसाला फटके मारले, तिथून उठाव पेटला. चुमाशांनी ला पुरिसिमा ताब्यात घेऊन महिनाभर लढवलं. शेवटी माँटेरेहून तोफेसह फौज आली. नंतर सात जणांना मृत्युदंड झाला. म्हणून माझा आग्रह आहे की अभ्यागत केंद्रातला चुमाशांचा भाग आधी नीट वाचा, मगच मागाच्या खोलीत शिरा. तो माग कोणाच्या हातांनी चालला हे ठाऊक असलं की खोली वेगळी दिसते.

कातणं-विणणं, लोहारकाम ही प्रात्यक्षिकं ठरावीक दिवशीच असतात, तेव्हा उद्यानाचं (मिशन आता राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे) वेळापत्रक बघून निघा. प्रवेशशुल्क गाडीमागे आहे. इमारती चौकात नाहीत, एका लांब ओळीत आहेत. त्यामुळे वयस्कांना बरंच चालावं लागतं. दुपारनंतर गार वारा सुटतो, स्वेटर असू द्या. खाणं घरूनच न्या.