दुबईच्या समुद्रातला फ्लॅट आणि पुण्यात घेतलेले साडेअकरा लाख

पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत शनिवार-रविवारी दुबईच्या घरांची प्रदर्शनं भरतात. प्रवेश मोफत, चहा-नाश्ता मोफत आणि हॉलच्या मधोमध काचेच्या पेटीत निळ्या दिव्यांवर मांडलेलं बेटाचं मॉडेल. अशाच एका प्रदर्शनात एका एजंटाने माझ्या आणि बायकोच्या नावावर, समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावरचा एक फ्लॅट बुक झाल्याचं सांगितलं, आमच्याकडून साडेअकरा लाख रुपये घेतले आणि दुबईत त्याची नोंद कुठेच केली नाही. पोलिसांत तक्रार दिलेली आहे, म्हणून त्याचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण त्याच पद्धतीने अजूनही लोकांना गाठलं जातंय. पैशांबद्दल तो जेवढं खोटं बोलला, तेवढंच त्या समुद्राबद्दलही बोलला. मला दोन्हीचा सारखाच संताप आहे.

बेटं होती दुबई आयलंड्स. ‘दुबई सरकारचा अगदी नवा प्रकल्प’ अशी त्याने ओळख करून दिली. जागा देरा भागाच्या समोर, पाच बेटं, १७ चौरस किलोमीटर, हे खरं. पण नवं म्हणजे फक्त नाव, जे २०२२ साली आलं. त्याआधी तीच जागा देरा आयलंड्स होती आणि त्याच्याही आधी पाम देरा, ज्याची घोषणा २००४ साली झाली होती. मधे २००८ची मंदी आली. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई वर्ल्ड या सरकारी समूहाने कर्ज देणाऱ्यांकडे मुदत मागितली आणि समुद्रातली कामं जिथल्या तिथे थांबली. पाम जबल अली हे दुबईतलं असंच भरावाचं बेट २००२ला सुरू झालं होतं, तेही रखडलं आणि त्याचा नवा आराखडा थेट २०२३ साली आला. आता यातल्या बऱ्याच जागी पुन्हा काम चालू आहे, हेही सांगायला हवं. पण ‘इथे कधीच काही अडकत नाही’ असं जो छातीठोक सांगतो, तो मधली पंधरा वर्षं गाळून बोलत असतो.

बायकोने पहिलाच प्रश्न विचारला होता. भरावाची जमीन आहे, खचणार नाही का, आणि बेटांच्या मधे पाणी साचून वास येणार नाही का?

‘ताई, पाम जुमेराह बघा, तेही भरावाचंच बेट, वीस वर्षं उभं आहे. उलट तिथे प्रवाळ वाढलंय, मासे वाढलेत. समुद्र जिवंत झालाय तिथला.’

त्याच्याकडे याचीसुद्धा चकचकीत पुस्तिका होती. दगडावर वाढलेलं प्रवाळ, भोवती रंगीत मासे. फोटो खोटे नव्हते, आणि म्हणूनच ते घातक होते.

मग घाई सुरू झाली. हा दर प्रदर्शन संपेपर्यंतच, उद्यापासून वाढणार. दुबईला पैसे पाठवायचे तर बँकेत फॉर्म भरा, टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापते तो कर) कापून घ्या, आठवडा जाणार आणि तोवर युनिट हातचं जाणार. ‘त्यापेक्षा आमच्या पुण्यातल्या कंपनीच्या करंट अकाउंटला रुपयांत भरा, आम्ही तिकडे वळते करतो. तुमचा टीसीएसही वाचेल.’ बिल्डरचा लोगो असलेला रिझर्वेशन फॉर्म दिला. त्यावर टॉवर, मजला, युनिट क्रमांक, फ्लोअर प्लॅन, प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक, सगळं छापलेलं. एस्क्रो खात्याच्या, म्हणजे त्या प्रकल्पाच्याच पैशांसाठी राखलेल्या बँक खात्याच्या रकान्यात मात्र खाते क्रमांक नव्हता, ‘एजंटने कळवल्याप्रमाणे’ एवढंच होतं. खाली शिक्का पुण्याच्या फर्मचा, बिल्डरचा नव्हे. असा कागद तुमच्या हातात असेल तर आत्ता काढून तो रकाना बघा.

पुढचे कित्येक महिने ‘ओकूद निघतंय’ हेच ऐकलं. बांधकाम पूर्ण व्हायच्या आधी खरेदीदाराच्या नावाची जी तात्पुरती नोंद दुबईच्या जमीन खात्यात होते, तिला तिकडे ओकूद म्हणतात. ती झाली की युनिट तुमचं, नाही झाली तर हातातला कागद रद्दी. कधी सिस्टीम बंद, कधी रमजान, कधी पासपोर्टची प्रत पुसट. मग फोन उचलणं बंद.

आम्ही दुबईला गेलो. बिल्डरच्या ऑफिसात एका मुलीने पासपोर्ट नंबर टाकून पाहिला. आमच्या नावावर काहीही नव्हतं. तेच युनिट दुसऱ्याच्या नावावर नोंदलेलं. त्या एजंटाशी त्यांचा करार होता, पण तो आमच्या बुकिंगच्या आधीच संपवलेला. पैसे त्यांच्याकडे आलेच नव्हते, त्यामुळे ते देणं लागत नाहीत, असं त्यांनी शांतपणे सांगितलं, आणि कायद्याने त्यात चूक काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी माझा मामेभाऊ अण्णा आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेला. अण्णा दाभोळकडचा. पाम जुमेराहचं काम चालू असताना तो ड्रेझरवर खलाशी होता. समोरच्या बेटांकडे बोट दाखवून त्याने जे सांगितलं, ते कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं.

वाळवंटाच्या देशात वाळूला काय तोटा, असं आपल्याला वाटतं. पण वाळवंटातला कण वाऱ्याने घासून गोल गुळगुळीत झालेला असतो, तो एकमेकांत रुतून बसत नाही. म्हणून सगळी वाळू समुद्राच्या तळातून काढायची. ड्रेझर तळाला नळी लावून वाळू-पाण्याचं मिश्रण ओढतं, पोटात भरतं, ठरलेल्या जागी येतं आणि नाकाडावरच्या नळीतून कमानीसारखा फवारा मारतं. ‘लांबून बघायला बरं वाटतं रे,’ अण्णा म्हणाला, ‘पण जहाजाच्या मागे बघावं. पाणी दुधाच्या चहासारखं होतं. तो गाळ कित्येक दिवस खाली बसत नाही.’ नंतर त्या ओल्या ढिगाऱ्यात लोखंडी दांडे खुपसून वाळू थरथरवत घट्ट करतात. ते केलं नाही तर भूकंपाच्या हादऱ्याने अख्खी वाळू चिखलासारखी वाहू शकते.

पाम जुमेराहला अशी सुमारे ९.४ कोटी घनमीटर वाळू लागली. २००३ साली जाहीर झालेल्या, जगाच्या नकाशासारख्या दिसणाऱ्या ‘द वर्ल्ड’च्या सुमारे तीनशे बेटांना ३२ कोटी घनमीटरच्या वर. आमच्याकडे दाभोळच्या खाडीत हातपाटीने रेती काढणारे होते, तोवर खाडी निभावून नेत होती. सक्शन पंप आले आणि काठ ढासळायला लागले, कालवं कमी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तिथे एका पंपाने जे होतं ते इथे जहाजांच्या ताफ्याने, वर्षानुवर्षं झालं.

इराणचं आखात मुळात उथळ, सरासरी खोली पस्तीस मीटरच्या आसपास. खारटपणा जास्त, उन्हाळ्यात पाणी ३५ अंशांपर्यंत तापतं. तिथलं प्रवाळ जगातल्या सर्वांत काटक प्रवाळांत मोडतं, कारण ते आधीच सोसण्याच्या टोकावर जगतंय. त्याला ऊन लागतं, स्वच्छ पाणी लागतं. वर गाळाचा ढग बसला की ते गुदमरतं. जबल अलीचा किनारा १९९८ साली सागरी अभयारण्य ठरवला होता, तिथे प्रवाळ होतं. पुढे चारच वर्षांत तिथे पाम जबल अलीचा भराव पडायला लागला.

आता त्या पुस्तिकेतल्या फोटोंबद्दल. पामभोवतीच्या लाटा अडवणाऱ्या बांधाच्या दगडांवर काही वर्षांनी प्रवाळ वाढलं, मासेही आले. ते संशोधकांनी मोजलेलं आहे आणि ती आनंदाचीच गोष्ट आहे. पण दगडाच्या उभ्या बांधावर जे जीव येतात ते नैसर्गिक प्रवाळाच्या जागी असलेल्या जिवांसारखेच नसतात. वाळूखाली गेलेला तळ, समुद्री गवत, शिंपल्यांच्या जागा यांची भरपाई त्याने होत नाही. बांधावरचं दाखवायचं आणि भरावाखालचं झाकायचं, असा तो फोटो होता.

आणि पाणी साचण्याचा बायकोचा प्रश्न? तो तर थेट इतिहासातला निघाला. पाम जुमेराहचा सुमारे ११ किलोमीटरचा बांध आधी सलग आखला होता. आतलं पाणी खेळेना, कुजण्याची भीती निर्माण झाली, तेव्हा बांधात दोन ठिकाणी मोकळी तोंडं ठेवावी लागली. किनाऱ्याजवळचे प्रवाह अशा बांधामुळे वळतात. वाळू एकीकडून वाहून जाते, दुसरीकडे साचते आणि मग पुन्हा ड्रेझर बोलवावं लागतं. ‘द वर्ल्ड’बाबत २०११ साली एका खटल्यात, बेटं झिजतायत आणि मधले जलमार्ग गाळाने भरतायत असं एका जलवाहतूक कंपनीच्या वकिलाने सांगितलं होतं. बेटं बांधणाऱ्या कंपनीने ते साफ नाकारलं. कोणाचं खरं यावर मी भांडणार नाही. पण त्या देखभालीचा खर्च दरवर्षी कुठून येणार, फ्लॅटच्या सर्व्हिस चार्जमधून किती, हे विचारणं खरेदीदाराचा हक्क आहे. आमच्या एजंटाने या प्रश्नावर विषय बदलून स्विमिंग पूल दाखवला होता.

खरा व्यवहार कसा असतो ते मी नंतर नीट समजून घेतलं. दुबईत २००७चा आठ क्रमांकाचा कायदा आहे. त्यानुसार बांधकामाधीन घराचे पैसे त्या प्रकल्पाच्या एस्क्रो खात्यातच जायला हवेत. बिल्डरच्या साध्या खात्यात नाही, एजंटाच्या तर मुळीच नाही. प्रकल्प नोंदलेला आहे का, काम किती टक्के झालंय, एजंटाचं लायसन चालू आहे का, हे सगळं जमीन खात्याच्या ‘दुबई रेस्ट’ अ‍ॅपवर घरबसल्या कळतं. जमीन खात्याचं चार टक्के शुल्क भरून ओकूद निघतं. ते कोणाच्या नावावर आहे ते बघेपर्यंत दुसरा हप्ता देऊच नका.

आपल्या बाजूने नियम असा, की परदेशातल्या घराचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, स्वतःच्या खात्यातून, बँकेमार्फत पाठवायचे. मर्यादा माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. जो टीसीएस कापला जातो तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वजा मिळतो. म्हणजे ‘टीसीएस वाचवतो’ हे आमिषच पोकळ होतं. रुपयांत, इथल्या खात्यात पैसे मागणारा माणूस तुम्हाला परदेशी पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदीपासून दूर नेत असतो, कारण ती नोंदच पुढे त्याच्याविरुद्ध पुरावा ठरते. शिवाय खरेदी खरीच झाली, तर ती मालमत्ता विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावी लागते. ते कोणत्याही प्रदर्शनात सांगत नाहीत.

महारेराचा इथे उपयोग नाही, कारण प्रकल्प देशाबाहेरचा. आमची तक्रार आर्थिक गुन्हे शाखेकडे आहे आणि त्याच प्रदर्शनात पैसे भरलेली आणखी दोन कुटुंबं त्यात सामील झाली आहेत. तिघांच्या फॉर्मवर करंट अकाउंट तेच आहे आणि दोघांच्या फॉर्मवर युनिट क्रमांकही तोच आहे. जबाब देताना अधिकाऱ्यांनी सर्वांत आधी मागितलं ते म्हणजे मूळ रिझर्वेशन फॉर्म, बँकेचं स्टेटमेंट आणि एजंटाशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश, अगदी त्याच्या ‘गुड मॉर्निंग’सकट. तुमचेही पैसे असे कोणी घेतले असतील तर रागाच्या भरात त्याचा नंबर ब्लॉक करून चॅट पुसू नका. आधी सगळं एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा आणि बँकेत लेखी अर्ज देऊन पैसे नेमके कोणत्या खात्यात गेले ते शिक्क्यासह लिहून घ्या.