श्रीलंकेत सायकलवरून हिंडायचे तर तलावांच्या मैदानात की चहाच्या डोंगरांत?

श्रीलंकेत आठ-दहा दिवस सायकल चालवत प्रेक्षणीय स्थळे पाहायची असे ठरले, की सर्वांत आधी बेटाचा कोणता भाग निवडायचा हे ठरवावे लागते. नकाशावर बेट लहान दिसते. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४३० किलोमीटर आणि रुंदी जास्तीत जास्त सव्वादोनशे किलोमीटर असल्यामुळे अनुराधपुर, सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, एला आणि गॉल ही सगळी नावे एकाच दौऱ्यात बसवण्याचा मोह अनेकांना होतो. मोटारीने असा दौरा होतो. सायकलने तो करू पाहणाऱ्याची रोजची सकाळ अंतर कापण्यात जाते आणि ज्या स्थळांसाठी एवढा खटाटोप केला, ती त्याला टळटळीत उन्हात दमलेल्या पायांनी उरकावी लागतात. त्यामुळे एकच भाग निवडून तो नीट पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि खरी निवड दोन भागांत आहे. अनुराधपुर, पोलोन्नरुव आणि दांबुल्ल यांच्या दरम्यानचा उत्तर-मध्य कोरडा पट्टा हा पहिला, आणि कँडीपासून नुवारा एलियामार्गे एलापर्यंत पसरलेला चहाच्या मळ्यांचा डोंगराळ प्रदेश हा दुसरा.

दक्षिण किनाऱ्याचा विचार थोडक्यात आटोपता येतो. गॉलचा किल्ला अतिशय देखणा आहे. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात त्याची सुरुवात केली, डचांनी त्याला आजचे भक्कम रूप दिले आणि १९८८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. मात्र तो पायी पाहण्याचा किल्ला आहे, आणि तिथून मातरकडे जाणाऱ्या किनाऱ्यालगतच्या मुख्य रस्त्यावर बसगाड्या इतक्या वेगाने आणि इतक्या जवळून जातात, की समुद्राकडे पाहण्याची उसंत सायकलस्वाराला क्वचितच मिळते. किनाऱ्यावर मुक्काम करून सकाळी आतल्या भातशेतीच्या रस्त्यांवर फेरी मारणे छान, पण सगळी सुट्टी त्या किनारी रस्त्यावर घालवावी असे मी कोणाला सुचवणार नाही.

उकाड्याचा हिशेब

बहुतेक लोक डोंगराळ भाग निवडतात तो थंडाव्यासाठी, आणि वरवर पाहता ते बरोबरही आहे. नुवारा एलिया १,८६८ मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे अनुराधपुरात दुपारी पारा तेहतीसच्या पुढे असताना नुवारा एलियात स्वेटर लागू शकतो. परंतु सायकलस्वाराला लागणारी उष्णता केवळ हवेतून येत नाही, ती त्याच्या स्वतःच्या स्नायूंतूनही निर्माण होते, आणि ती बाहेर टाकण्याचे मुख्य साधन म्हणजे घाम सुकणे. सपाट रस्त्यावर ताशी अठरा-वीस किलोमीटरने जाताना अंगावर सतत वारा येतो आणि दमट हवेतही थोडाफार घाम सुकतो. घाट चढताना मात्र मेहनत वाढते, वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो, वारा जवळजवळ थांबतो आणि घाम नुसताच हनुवटीवरून ठिबकत राहतो. ठिबकून गेलेल्या घामाने अंग थंड होत नाही. कँडीची उंची जेमतेम पाचशे मीटर आहे. तिथून गंपोल आणि पुस्सेल्लावमार्गे रंबोड्याच्या घाटापर्यंत जाणारा चढ थंड हवेत पोहोचेपर्यंत अर्ध्याहून अधिक संपलेला असतो. डोंगराळ मार्गावरचा सर्वांत जीवघेणा उकाडा या पहिल्या टप्प्यातच सोसावा लागतो.

दुसरा मुद्दा घड्याळाचा आहे. बेट विषुववृत्ताजवळ असल्यामुळे सूर्योदय वर्षभर सहाच्या आसपासच होतो. मैदानात सहाला निघून दहापर्यंत पन्नास-साठ किलोमीटर आरामात होतात, दुपारी साडेतीनपर्यंत सावलीत विश्रांती घेता येते आणि कलत्या उन्हात एखादे स्थळ पाहता येते. कँडी ते नुवारा एलिया हे सुमारे ७७ किलोमीटरचे अंतर आणि त्यातला जवळपास चौदाशे मीटरचा चढ सामान्य सायकलस्वाराला दहाच्या आत संपवता येत नाही. दुपार घाटातच गाठते. म्हणजे मैदानातला उकाडा जास्त असला तरी तो टाळता येतो, आणि डोंगरातला कमी असला तरी टाळता येत नाही.

पाणी दोन्हीकडे तासाला अर्धा ते पाऊण लिटर तरी लागतेच, आणि तासन्‌तास निव्वळ साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम घटते, म्हणून ओआरएसची पाकिटे सोबत असावीत. रस्त्याकडेला मिळणारे केशरी सालीचे तंबिली नावाचे शहाळे उत्तमच, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी असल्यामुळे त्यासोबत काहीतरी खारट खावे. उन्हात अंगावर शहारे येऊ लागले, डोके गरगरू लागले किंवा सोबती असंबद्ध बोलू लागला, तर त्या दिवसाची सायकल तिथेच थांबवावी, सावली गाठून अंग ओले करावे आणि पुढचे अंतर वाहनाने जावे. बोलण्यातला गोंधळ कायम राहिला, तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

तलावांचा प्रदेश

उत्तर-मध्य पट्ट्यात पाऊस मुख्यतः वर्षाच्या थोड्याच महिन्यांत पडतो, आणि तो साठवण्यासाठी इथल्या राजांनी दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीपासून हजारो तलाव बांधले. सायकलने हा प्रदेश पाहावा असे मी आग्रहाने म्हणतो ते या तलावांमुळेच. सकाळच्या पहिल्या उजेडात बांधावरच्या तांबड्या मातीच्या वाटेने सायकल चालवली, की एका बाजूला पाणी असते, त्यात उभ्या असलेल्या वाळक्या झाडांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरे दिसतात ती पाण्याच्या पातळीहून पुष्कळ खाली. बांधाच्या कडेला ‘कुंबुक’ची मोठमोठी झाडे असतात, हा आपलाच अर्जुन, त्याच गुळगुळीत पांढुरक्या खोडाचा. मोटारीतून बांध म्हणजे रस्त्याकडेचा एक मातीचा उंचवटा वाटतो. सायकलवरून मात्र पाणी वर आणि शेत खाली ही रचना डोळ्यांसमोर उलगडते आणि सगळ्या संस्कृतीचा पाया कळतो.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण कालवेव येथे आहे. पाचव्या शतकात राजा धातुसेनाने हा तलाव बांधला आणि त्यातून अनुराधपुरच्या तिस्सवेव तलावापर्यंत सुमारे ८७ किलोमीटरचा कालवा नेला. जयगंगा नावाच्या या कालव्याचा उतार पहिल्या टप्प्यात किलोमीटरमागे जेमतेम दहा-वीस सेंटीमीटर आहे. त्याच्या काठाने सायकल चालवताना पायांना चढ किंवा उतार जाणवतच नाही, आणि आधुनिक उपकरणांशिवाय ही पातळी कशी साधली असेल या विचाराने मन थक्क होते. जवळच अवुकन येथे एकाच खडकातून कोरलेली सुमारे बारा मीटर उंचीची बुद्धमूर्ती आहे. प्राचीन पाली इतिवृत्तात अशी कथा आहे, की धातुसेनाचा मुलगा कश्यप याने राज्य बळकावले आणि बापाकडे खजिन्याची मागणी केली, तेव्हा धातुसेनाने कालवेवच्या पाण्याकडे बोट दाखवून हीच माझी संपत्ती असे सांगितले, आणि त्याबद्दल त्याला प्राण गमवावे लागले. याच कश्यपाने पुढे सिगिरियाच्या खडकावर आपली राजधानी वसवली. कालवेव आणि सिगिरिया ही दोन्ही ठिकाणे सायकलने दोन दिवसांत पाहता येतात, आणि या क्रमाने पाहिली तर सिगिरिया नुसता फोटो काढण्याचा खडक राहत नाही.

अनुराधपुर आणि पोलोन्नरुव या दोन्ही प्राचीन राजधान्या जणू सायकलसाठीच आखल्या असाव्यात अशा अंतरांवर पसरल्या आहेत: पायी फिरायला फार मोठ्या, आणि मोटारीतून दर पाच मिनिटांनी चढउतार करायला फार दाट. अनुराधपुरात श्रीमहाबोधी वृक्ष, रुवन्वेलिसाय हा स्तूप, मूळची उंची सुमारे १२२ मीटर असलेला विटांचा जेतवन स्तूप आणि अभयगिरी हा प्राचीन विहार यांना सावलीच्या रस्त्यांनी जोडता येते. मिहिंतले हे बौद्ध तीर्थस्थान तिथून तेरा किलोमीटरांवर आहे. पोलोन्नरुवात बाराव्या शतकातील राजा पराक्रमबाहूचा पराक्रमसमुद्र हा विस्तीर्ण तलाव आणि गलविहारातील चौदा मीटर लांबीची निद्रिस्त बुद्धमूर्ती एका दिवसात निवांत पाहून होते, आणि भाड्याच्या सायकली तिथे सहज मिळतात. सिगिरियाच्या सुमारे बाराशे पायऱ्या मात्र सायकल चालवलेल्या दिवशी चढू नयेत. आदल्या रात्री जवळ मुक्काम करून सकाळी दरवाजा उघडताच चढावे.

उणिवाही सांगायला हव्यात. मुख्य रस्ते सरळ, लांब आणि उघडे आहेत. नकाशावरून आतले रस्ते आणि बांध शोधण्याची तयारी नसेल तर हा प्रदेश कंटाळवाणा वाटेल. हबरण आणि मिन्नेरियाच्या परिसरात रानटी हत्ती रस्ते ओलांडतात. जुलै ते ऑक्टोबरमध्ये मिन्नेरियाच्या आटत्या तलावाकाठी शेकडो हत्ती जमतात, आणि तो देखावा पाहण्यासारखाच असतो, पण तो जीपमधून पाहावा. सायकलस्वाराने या रस्त्यांवर संध्याकाळी पाचनंतर राहू नये आणि पहाटे पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नये. उकाडा लवकर निघायला सांगतो आणि हत्ती थांबायला सांगतात. या दोहोंत हत्तींचे ऐकावे.

देवस्थानांतली अडचण कोणी आधी सांगत नाही. चपला-बुटांबरोबर टोपीही काढावी लागते, गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात, आणि अकरानंतर स्तूपाभोवतीची फरशी अशी तापते की अनवाणी प्रदक्षिणा अशक्य होते. सायकलची तंग चड्डी चालत नाही. हँडलच्या पिशवीत एक सैल विजार आणि जाड मोज्यांचा एक जोड ठेवला की काम भागते. मोजे घालून फिरायला हरकत घेतली जात नाही. प्रवेशशुल्क परदेशी पर्यटकांना जड वाटण्याइतके आहे, परंतु मुख्य पुरातन स्थळांवर सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, त्यासाठी पासपोर्ट जवळ ठेवावा.

डोंगरांचा प्रदेश

डोंगराळ भागात पाहण्याजोगे जे आहे ते बहुतेक रस्त्यावरूनच दिसते: उतरंडीवरचे चहाचे मळे, धबधबे, ढगांत बुडालेली वळणे. ज्यांना सायकल चालवण्यातच आनंद आहे, घाट चढल्याचे समाधान ज्यांना एखाद्या शिल्पाइतकेच मोलाचे वाटते, त्यांनी बेलाशक इथे यावे. मुख्य घाटरस्त्यांचा चढ लांब पण बऱ्यापैकी एकसारखा आहे. खरी परीक्षा मळ्यांतल्या अरुंद रस्त्यांवर होते, जिथे सर्वांत लहान गिअरवरही उभे राहून पॅडल मारावे लागते. भाड्याच्या साध्या सायकलीवर हे होणार नाही, स्वतःची किंवा चांगल्या गिअरची सायकल हवी. सीता एलिया येथील मंदिर आणि शेजारचे हकगल वनस्पती उद्यान नुवारा एलियाहून उतरणीवर आहे, आणि पुढे वेलिमड, बंडारवेल अशी वाट एलाकडे जाते. हॉर्टन प्लेन्स या उंच पठाराच्या कड्यावरचे दृश्य सकाळी नऊ-दहानंतर अनेकदा ढगांत हरवते, त्यामुळे तिथे वाहनाने पहाटेच पोहोचावे.

कुटुंबासोबत जाणाऱ्यांना, किंवा वर्षभरात फारशी सायकल न चालवलेल्यांना, मी डोंगर सुचवणार नाही. गटातला एक जण मागे पडला की सगळा दिवस त्याच्या दमछाकीभोवती फिरतो. मैदानात तोच माणूस आनंदाने सोबत राहतो.

ऋतू काय म्हणतो

कित्येकदा निर्णय महिनाच करून टाकतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस डोंगरांच्या पश्चिम उतारांवर पडतो, तेव्हा उत्तर-मध्य पट्टा कोरडा आणि वाऱ्याचा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांना म्हणून तलावांचा प्रदेशच योग्य. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी पाऊस मैदानात येतो आणि बांधावरच्या वाटा चिखलाच्या होतात. डोंगराच्या पश्चिम बाजूसाठी जानेवारी अखेर ते मार्च हा काळ चांगला. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बेटावर सगळीकडे गडगडाटी पाऊस असतो आणि घाटांत दरडींचा धोका वाढतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत हा बेत आखूच नये. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि त्याच सुमारास सिंहली-तमिळ नववर्षामुळे बसगाड्या व रेल्वे तुडुंब असतात. पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते आणि अनुराधपुर, मिहिंतले येथे भाविकांची मोठी गर्दी होते. सायकल चालवायला गैरसोय होते, पण पांढऱ्या वस्त्रांतली ती गर्दी अवश्य पाहावी अशी आहे.

दोन्ही हवेच असतील

दहा-बारा दिवस हाताशी असतील आणि डोंगर सोडवत नसतील, तर मैदानातली सायकल दांबुल्लला संपवून कँडीला वाहनाने जावे आणि तिथून बदुल्लकडे जाणाऱ्या रेल्वेने चढ पार करावा. सायकल रेल्वेत पार्सल म्हणून नोंदवावी लागते आणि ही सोय प्रत्येक गाडीला नसते, त्यामुळे स्थानकावर आदल्या दिवशीच चौकशी करावी. एलाला उतरून वेल्लवायपर्यंतचा घाट मात्र सायकलनेच घ्यावा: सुमारे २७ किलोमीटरांत आठशे मीटरांहून अधिक उतार, वाटेत रावण धबधबा, आणि खाली मैदानात पोहोचल्यावर बुदुरुवगल येथे खडकात कोरलेल्या सात मूर्ती. निघण्यापूर्वी ब्रेकचे पॅड तपासावेत, सलग ब्रेक दाबून न ठेवता थोडा थोडा वापरावा आणि धबधब्यापाशी थांबून रिम गार होऊ द्यावी. वेल्लवायहून दक्षिणेला जायचे असल्यास बुत्तल-कतरगाम रस्ता घेऊ नये, कारण तो याल राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने जातो आणि तिथले हत्ती वाहने अडवतात. तनमल्विलमार्गे तिस्समहारामकडे जाणारा मुख्य रस्ता घ्यावा, आणि तोही भर दिवसाच.