ॲपल वॉचचं ‘सिक्स-मिनिट वॉक’: धडधाकट माणसाला किती उपयोगाचं?

ॲपल वॉच वापरणाऱ्याला आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये ‘मोबिलिटी’खाली ‘सिक्स-मिनिट वॉक’ नावाचा आकडा दिसतो: सहा मिनिटांत तुम्ही किती मीटर चालू शकाल, याचा अंदाज. पन्नाशीतली ठणठणीत माणसं तो उघडतात, ५०० मीटर पाहतात, दोन महिने झपाझप चालून पुन्हा ५००च पाहतात आणि हिरमुसतात. त्यांच्या चालण्यात काही खोट नाही. हा अंदाज ५००च्या वर जातच नाही, तशी मर्यादाच घातलेली आहे.

सहा मिनिटांत ५०० मीटर म्हणजे ताशी ५ किलोमीटर. मूळ चाचणी रुळली ती फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या रुग्णांसाठी: ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर, दोन्ही टोकांना वळायला शंकू, सहा मिनिटांत जमेल तितकं अंतर. निरोगी प्रौढांचं अपेक्षित अंतर काढायचं एनराइट आणि शेरिल यांचं १९९८चं सूत्र आहे. ५५ वर्षांची, १६० सेंटिमीटर उंचीची, ६४ किलो वजनाची बाई घेतली तर उत्तर येतं ५४० मीटर. सर्वसाधारण तब्येतीची बाईच घड्याळाच्या मापाबाहेर जाते! आजारपणातून उठलेल्याचा आकडा ४३० वरून ४८० वर गेला, तर ती मोलाची माहिती आहे. धडधाकट माणसाला मात्र या आकड्यातून प्रगती कळणार नाही.

फोन मोजतो तो चालण्याचा वेग बरा, पण फोन कमरेजवळच्या खिशात हवा आणि ॲपमध्ये उंची बरोबर भरलेली हवी. खांद्यावरच्या पर्समध्ये फोन ठेवून ही नोंद नीट मिळत नाही.

घड्याळाचा खरा उपयोग आहे रॉकपोर्ट चाचणीत, म्हणजे एक मैल भरभर चालून व्हीओटू मॅक्सचा (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, त्या फिटनेसच्या मापाचा) अंदाज काढण्यात. तिथे वेळ आणि नाडी एवढंच लागतं, आणि दोन्ही ते देतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर सर्वांत आतल्या लेनमधून चार फेऱ्या आणि वर ९ मीटर चालायचं. शक्य तितकं भरभर, पण धावायचं नाही. संपताक्षणी वेळ आणि नाडी टिपायची. १३२.८५३ मधून ही चार गुणाकारांची उत्तरं वजा करायची: पौंडांतलं वजन गुणिले ०.०७६९, वय गुणिले ०.३८७७, मिनिटांतली वेळ गुणिले ३.२६४९, नाडी गुणिले ०.१५६५. पुरुषांनी ६.३१५ मिळवायचे. वरच्याच बाईने, म्हणजे १४१ पौंड वजनाने, साडेसोळा मिनिटं घेतली आणि नाडी १३० आली, तर व्हीओटू मॅक्स निघतो सुमारे २६.५.

वेळ टिपताना साडेसोळा मिनिटं म्हणजे १६.५. इथे १६.३० लिहिणारे खूप भेटतात, आणि तेवढ्यानेच उत्तर ०.६५ ने फुगतं. अंतर जीपीएसवर सोडू नका, फेऱ्या मोजा. दर लेन बाहेर सरकलं की फेरीमागे साडेसात मीटरच्या आसपास वाढतात. तिसऱ्या लेनमधून चार फेऱ्या मारल्या तर साठेक मीटर जादा चालणं होतं आणि फिटनेस विनाकारण दोन अंकांनी कमी दिसतो.

नाडीचा घोळ जास्त फसवा. पट्टा सैल असेल तर सेन्सर कधीकधी पावलांचा ठेका नाडी म्हणून पकडतो, आणि भरभर चालताना दोन्ही १२०-१३०च्या घरात असल्याने शंकाही येत नाही. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट बांधा. वर्कआउट दोन-तीन मिनिटं आधी सुरू करा, पण मैलाची वेळ लॅपने वेगळी घ्या. थांबल्या थांबल्या १५ सेकंद बोटांनी ठोके मोजून चौपट करा आणि पडताळा. मिनिटभर गप्पा मारून मोजलेली नाडी १० ने उतरलेली असेल तर उत्तर दीड अंकाने वाढून येतं.

या सूत्रातली चूक एरवीही सुमारे ५ अंकांची धरतात, त्यामुळे शेजाऱ्याशी तुलना करू नका. तोच ट्रॅक, दिवसाची तीच वेळ आणि तेच बूट ठेवून दीड-दोन महिन्यांनी स्वतःशीच ताडून पाहा. पहिल्या खेपेला वेगाचा अंदाज चुकतो, म्हणून एक फेरफटका सरावाचा धरा. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब, हृदयविकारावरची नाडी मंदावणारी गोळी) घेणाऱ्यांनी या सूत्राच्या वाटेला जाऊ नये. गोळीने नाडी दबते आणि आकडा खोटा चांगला दिसतो. त्यांनी मैलाची वेळ तेवढी लिहून ठेवावी.