जायफळ की जायपत्री?

जायफळ आणि जायपत्री एकाच झाडाच्या एकाच फळातून मिळतात: कठीण कवचाआतील बी म्हणजे जायफळ आणि त्या कवचाला बिलगलेले लालभडक, जाळीदार आवरण म्हणजे जायपत्री, जी वाळल्यावर पिवळसर नारिंगी होते. इंडोनेशियातील बांदा बेटे हे या झाडाचे मूळ स्थान असून, त्यांपैकी रन या चिमुकल्या बेटावरील हक्क डचांना 1667 च्या ब्रेडा करारानुसार मिळाला, तर आजच्या न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन बेट इंग्रजांकडे राहिले.

जायफळाचा स्वाद गोडसर, उबदार आणि जड असतो. दूध, साखर व अंड्यांच्या गोड पदार्थांत तो उत्तम मुरतो. मात्र ते आयत्या वेळी किसावे, कारण तयार पुडीतील सुगंधी तेल लवकर उडून जाते. जायपत्रीचा स्वाद अधिक नाजूक आणि किंचित तिखट असून ती अखंड घालून नंतर काढता येते. म्हणून रस्सा किंवा फिकट रंगाच्या सॉससाठी मी तिलाच पसंती देईन. एका फळातून ती फारच थोडी निघते, त्यामुळे ती महागही असते.

शरीरावरील परिणामांच्या बाबतीत मात्र दोहोंत निवड करण्यासारखे काही नाही. मिरिस्टिसिन हे मोठ्या मात्रेत विषारी ठरणारे रसायन दोन्हींत असते. चिमूटभर वापर निर्धोक असला, तरी सुमारे 5 ग्रॅम जायफळानेही मळमळ, धडधड, तोंडाला कोरड, गोंधळलेपण आणि भास होऊ शकतात. ही लक्षणे काही तासांनी दिसू लागतात, आणि त्या उशिरामुळेच आणखी मात्रा घेण्याचा धोका वाढतो. गरोदरपणात औषध म्हणून मोठी मात्रा घेऊच नये.