विजय सुपर, चेतक की एलएमएल? सोलापुरात चालवायची असेल तर

परवा पार्क चौकात एक पोरगं माझी गाडी बघून थांबलं, म्हणे काका मला पण जुनी इटालियन स्कूटर घ्यायची आहे, एक विजय सुपर मिळतेय, एक चेतक आणि एक एलएमएल, कुठली घेऊ. चहा संपेपर्यंत काय सांगून होईना, म्हणून लिहून काढलं.

आधी खानदान, थोडक्यात. विजय सुपर म्हणजे लॅम्ब्रेटाच. ती बनवणाऱ्या मिलानच्या इनोसेंटी कंपनीची सगळी मशिनरी १९७२ मध्ये आपल्या सरकारी कंपनीनं उचलून लखनौला आणली, १९७५ पासून गाड्या निघायला लागल्या आणि १९९७ ला बंद पडल्या. चेतक म्हणजे व्हेस्पा स्प्रिंट, बजाजचा व्हेस्पावाल्या पियाजिओ कंपनीशी करार १९७१ ला संपला आणि १९७२ ला राणा प्रतापच्या घोड्याचं नाव लावून गाडी बाजारात. एलएमएल कानपूरची, ८० च्या दशकात पियाजिओला धरून आलेली, व्हेस्पा पीएक्सची सख्खी बहीण. ही कसली इटालियन, ही तर आजोबांची, असं घरी ऐकावं लागतंय, ऐकून घ्यायचं.

आता खरा फरक. लॅम्ब्रेटात पाइपची चेसी, इंजिन मधोमध, सिलेंडर आडवा झोपलेला आणि क्रँकपासून गिअरबॉक्सपर्यंत आतल्या आत तेलात फिरणारी डबल चेन. व्हेस्पाच्या घरात पत्र्याची बॉडी हीच चेसी, इंजिन उजव्या बाजूला लटकलेलं, चेन बिन काही नाही, गिअरमधून सरळ चाकाला. म्हणून लॅम्ब्रेटा सरळ रेषेत लै मस्त पळते, आणि म्हणूनच चेतक कुठल्याही गल्लीत कुणीही खोलू शकतो. बघायला गेलास की चेतकचं आणि एलएमएलचं पायाखालचं रबर उचल, खाली अंगठ्यानं दाब, पत्रा दबला किंवा कुरकुरला तर गाडीची कंबरच गेलीये समज, रंग कितीही चमकू दे. लॅम्ब्रेटाचे पत्रे सुटे बदलता येतात, तिथं फक्त पाइप वाकलाय का ते मागून बघायचं, दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का.

माझ्याकडं विजय सुपर आहे आणि तिनं मला जे शिकवलं ते तुला फुकट सांगतो. मे महिना, तुळजापूरच्या रस्त्यावर ऊन असं की डांबर मऊ, मी ॲक्सिलरेटर सोडला आणि गाडी कमी व्हायच्या ऐवजी वाढायलाच लागली, ओरडायला लागली नुसती. चौथ्या गिअरमध्येच ब्रेक दाबून बंद पाडली. पहिला संशय केबलवर, केबल बदलली. मग कार्बोरेटर तीनदा साफ केला, जेट फुंकून फुंकून गाल दुखले, गॅस्केट बदललं, तरी तेच. शेवटी आमच्या स्कूटरवाल्यांतला एक जण, यंत्रमाग कारखान्यात जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा आहे, आयुष्यभर माग ऐकलेत त्यानं, तो म्हणाला फ्लायव्हील काढ. पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजार, लावून काढलं तर मागची प्लेट पेट्रोल-ऑइलनं ओली काळीकुट्ट. फ्लायव्हीलकडचं ऑइल सील गेलेलं, तिथून हवा आत ओढली जायची, मिक्स्चर पातळ, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी, म्हणून गाडी बेफाम. तसंच चालवत राहिलो असतो तर पिस्टन आत पकडून इंजिन जाम झालं असतं. सील स्वस्तातलं, पण ते मिळेपर्यंत दोन आठवडे गेले, पुण्याहून मागवलं.

हेच चेतकला झालं असतं तर? सील संध्याकाळपर्यंत इथंच मिळालं असतं. चेतकचं दुखणं वेगळं, क्लच बाजूचं सील गेलं की गिअर ऑइल प्यायला लागते, मागं पांढरा धूर आणि ऑइल मात्र गायब. दुसरं म्हणजे गिअर क्रॉस, म्हणजे गिअर धरून ठेवणारा चौफुलीसारखा तुकडा, झिजतो, चढाला दुसरा गिअर खट्कन सुटतो. ते चेक करायला चढावरच चालवून बघ, सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या शहाण्या असतात.

एलएमएलचं इंजिन मला तिन्हीत जास्त दमदार वाटतं, इलेक्ट्रॉनिक इग्निशन असल्यानं ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या पॉइंटची कटकट नाही. पण पॉइंट बिघडला तर रस्त्यात पॉलिश पेपर घासून ०.४ मिमीचा गॅप लावून घरी येता येतं, सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा, गेला की ढकलत. गाडी गरम झाल्यावर बंद, अर्ध्या तासानं थंड झाली की पुन्हा चालू, असा खेळ चालला असेल तर पिकअप कॉइल किंवा सीडीआयच बघ, उगाच कार्बोरेटरच्या मागं लागू नको. एक जास्तीचा सीडीआय डिकीत ठेवायचाच.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं म्हणशील तर मी विजय सुपरला लिटरला ४० मिली टाकतो, आमच्यातल्या चेतकवाल्यांचं २० मिलीत भागतं. आणि आताच्या इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनी रबरं खराब होतात, त्यामुळं गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालू ठेव.

कागदाचं पण बघ. १५ वर्षांनंतरचं रिन्यूअल झालंय का, इंजिन आणि चेसी नंबर आरसीशी जुळतात का, नाहीतर एमएच १३ च्या, म्हणजे सोलापूरच्या आरटीओ ऑफिसात चकरा. ५० वर्षांच्या गाडीला २०२१ च्या नियमानं व्हिंटेज नंबर मिळतो, २० हजार रुपये, १० वर्षांसाठी, पण मग रोज ऑफिसला नेता येत नाही.

माझं मत विचारशील तर एकटा असशील, रोज होटगी रोडवरून ये-जा करायची असेल तर डोळे झाकून चेतक. एलएमएल पण चालेल, जर पत्रा शाबूत असेल तर. विजय सुपर एकट्यानं घ्यायची वस्तूच नाही भावा, तिला चार माणसं लागतात, एकाकडं पुलर, एकाकडं जुना स्पेअरचा डबा, एकाचे कान आणि एकाचं घर जिथं अंगणात तेल सांडलं तरी कुणी बोलत नाही. आम्ही रविवारी सकाळी सातला त्या अंगणात असतो, ये.

आणि कुठलीही बघायला गेलास तर मालकाला न सांगता अर्धा तास आधी पोच, आणि बोलायच्या आधी सायलेन्सरला हात लावून बघ. गरम लागला तर त्यानं तुझ्यासाठी आधीच दहा किका मारून ठेवलेल्या आहेत, थंड होईपर्यंत चहा मागव त्याच्याकडूनच.